ओढ्यातले किडे आणि वरची शेती : वाचकांचे प्रश्न

वरच्या शेतीचा ओढ्यावर काय परिणाम होतो, हे पाण्यातल्या किड्यांवरून कसं ओळखायचं, याविषयी कोकणातून आणि घाटमाथ्यावरून आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या वहाळाचं (ओढ्याचं) पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. सामू, क्षार, नायट्रेट, सगळं मर्यादेत आलं. पण दगडाखाली पूर्वी दिसायचे ते किडे आणि बारीक कोळंबी आता दिसत नाही. अहवाल खरा मानायचा की डोळ्यांना दिसतं ते?
– वाचक, सावंतवाडी तालुका

उत्तर : दोन्ही खरं आहे. बाटलीत भरलेलं पाणी म्हणजे त्या घडीचं पाणी. बागेतल्या फवारणीचा अंश बहुतेकदा पावसाच्या सरीबरोबर उतरतो, किंवा कुणी पंप वहाळात विसळला की येतो, आणि काही तासांत पुढे निघून जातो. चार दिवसांनी भरलेल्या बाटलीत त्यातलं काही सापडेलच असं नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत कीटकनाशकं सहसा पाहिलीच जात नाहीत. ती तपासणी वेगळी आणि महाग असते, आणि कोणती औषधं शोधायची त्यांची यादी आधी ठरवावी लागते.

दगडाखालचा किडा मात्र तिथेच राहतो. मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं पाण्यात कित्येक आठवडे, काही जातींत कित्येक महिने काढतात. पंख फुटून बाहेर पडल्यावर त्यांचं आयुष्य सहसा दिवसा-दोन दिवसांचं. पाण्यातल्या त्या काळात एकदा जरी विषारी लोंढा येऊन गेला, तरी दगड रिकामे होतात आणि काही काळ तसेच राहतात. यासाठी लागणारी मात्राही फार लहान असते. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं प्रमाण लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापेक्षा कमी असलं, तरी त्या पाण्यात काही आठवडे राहिलेली मेफ्लायची पिल्लं लुळी पडतात, खाणं सोडतात आणि मरतात. तेवढ्या मात्रेनं मासे मरत नाहीत. म्हणून ‘मासे तर आहेत’ ही पाणी चांगलं असल्याची खूण समजू नका.

अहवाल टाकून देऊ नका. नायट्रेट मर्यादेत आहे म्हणजे खताकडे बोट दाखवायची घाई नको, एवढं तो नक्की सांगतो.

प्रश्न : बारावीच्या मुलांना घेऊन गावच्या ओढ्याची पाहणी करायची आहे. साहित्य, पद्धत आणि महिना सांगाल का? मागच्या वर्षी केलेल्या पाहणीत वरच्या आणि खालच्या जागेत काहीच फरक दिसला नाही.
– शिक्षक, पाटण तालुका

उत्तर : फरक न दिसण्याचं कारण बहुधा जागेच्या निवडीत असेल, म्हणून सुरुवात तिथून करू. तीन जागा घ्या : एक सगळ्या शेतांच्या वर, एक शेतांच्या अंगाला, एक शेतं संपल्यावर अर्धा ते एक किलोमीटर खाली. तिन्ही जागी खळाळच हवा. मुठीएवढे ते नारळाएवढे दगड, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी आणि साधारण सारखा ओघ असावा. वर खळाळ आणि खाली डोह घेतला, तर फरक शेतीचा नसून खळाळ आणि डोह यांचा निघेल. मधे धुणं धुण्याची जागा, गावाचं सांडपाणी किंवा बंधारा येत नाही ना, ते आधी चालत जाऊन पाहा. वरची जागा घाटात फार उंचावर असेल तर शेजारचा, त्याच उंचीवरचा, रान शाबूत असलेला ओहोळ तुलनेला घ्या. कित्येक गावांत देवराईतून येणारा ओहोळ या कामी येतो.

जाळीची रुंदी ३० सेंटिमीटर आणि छिद्र अर्धा मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण ३० ते ३५ घरं असलेलं नायलॉन कापड. मच्छरदाणी चालणार नाही. तिच्या छिद्रांतून लहान पिल्लं निसटतात, आणि तीच संख्येनं जास्त असतात. त्याहून फार बारीक कापडही नको. ते गाळानं तुंबतं आणि पाणी कडेनं वळून किडे घेऊन जातं.

खालच्या बाजूनं सुरुवात करून वर सरकत जा, नाहीतर तुमच्याच पायांनी ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येईल. जाळीचं तोंड प्रवाहाकडे ठेवा. तिच्यासमोरच्या ३० बाय ३० सेंटिमीटर चौकटीतला प्रत्येक दगड पाण्याखालीच हातानं चोळा, बाजूला ठेवा, मग तळ पाच सेंटिमीटर खोलीपर्यंत एक मिनिट ढवळा. मिनिट घड्याळावर मोजा. एका जागी अशा सहा चौकटी : काही ओघाच्या मधे, काही काठाला, एखादी पानांच्या ढिगात. तिन्ही जागी हाच हिशेब ठेवा. एका जागी सहा आणि दुसऱ्या जागी चार चौकटी झाल्या तर तुलना संपली.

जाळीतलं सगळं बादलीत घ्या, पाणी घालून गोल फिरवा आणि वरचं पाणी परत जाळीतून ओता. असं पाच-सहा वेळा केलं की किडे जाळीत येतात, वाळू तळाशी राहते. ती वाळू मात्र तशीच फेकू नका. वाळूच्या कणांचं घर करून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या आणि शंखवाल्या गोगलगायी जड असल्यामुळे तिच्यातच उरतात. ती पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून नीट पाहा.

निवडताना मुलांचे हात मोठ्या आणि वळवळणाऱ्या किड्यांकडे जातात. तुमच्या पाहणीत फरक न दिसण्याचं हे दुसरं संभाव्य कारण. ट्रेच्या तळाशी पेन्सिलीनं बारा चौकोन आखा, चिठ्ठी काढून चौकोन ठरवा आणि त्यातला प्रत्येक जीव मोजा. दोनशे भरले की हातातला चौकोन पूर्ण करूनच थांबा.

जिवंतपणी ओळखून परत सोडता आले तर उत्तम. हालचालीवरून ओळख सोपी जाते. ट्रे सावलीत ठेवा, पाणी तापलं की पिल्लं पटापट मरतात. चतुराची पिल्लं आणि खेकडे वेगळे काढा, नाहीतर मोजणी होईपर्यंत ते बाकीच्यांना खातील. जतन करायचेच असतील तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून ८० टक्के अल्कोहोल घ्या, बाटलीचा एक तृतीयांशच भाग नमुन्यानं भरा, आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदला. किड्यांच्या अंगातल्या पाण्यानं ते पातळ झालेलं असतं. न बदलल्यास नमुना कुजतो. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि चिठ्ठी कोरी होते.

महिना : शेवटचा मोठा पूर ओसरल्यावर किमान तीन ते चार आठवडे जाऊ द्या. पूर तळ धुऊन नेतो, आणि त्याआधी घेतलेल्या नमुन्यात वरची जागाही गरीबच दिसते. घाटमाथ्यावर ऑक्टोबरची अखेर ते डिसेंबर हा चांगला काळ. दरवर्षी तोच महिना धरा. भातखाचरांच्या भागात गमबूट घातल्याशिवाय आणि हातापायावरच्या जखमा झाकल्याशिवाय मुलांना पाण्यात उतरवू नका, लेप्टोच्या तापाची भीती असते. ओढा अभयारण्यात असेल तर वन विभागाची परवानगी आधी घ्या.

प्रश्न : कोणता किडा कोणता, हे भिंगानं ओळखता येईल का?
– अनेक वाचक

उत्तर : जातीपर्यंत नाही, कुळापर्यंत येईल, आणि या कामाला तेवढं पुरतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या.

मेफ्लायच्या पिल्लाच्या पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले असतात आणि प्रत्येक पायाला एकच नखी. शेपट्या बहुतेक तीन, पण वेगवान पाण्यातल्या काही चपट्या जातींत दोनच असतात, म्हणून निव्वळ शेपट्या मोजून ठरवू नका. स्टोनफ्लायच्या पिल्लाला शेपट्या दोन, नख्याही दोन, आणि कल्ल्यांचे झुबके पायांच्या बुडाशी. कॅडिसफ्लायची अळी सुरवंटासारखी दिसते, पण शेवटच्या टोकाला दोन आकडे असतात. काही अळ्या वाळूचं किंवा पानाच्या तुकड्यांचं घर करतात, काही घराशिवाय दगडांच्या फटीत जाळं विणून वाहत आलेले कण धरतात. दगडाला नाण्यासारखं चिकटलेलं, तपकिरी, गोल काही दिसलं आणि उलटं केल्यावर सहा पाय दिसले, तर ती एका पाणभुंगेऱ्याची अळी. तिला स्वच्छ, गाळ नसलेला दगड लागतो.

गाळातल्या लाल, दोऱ्यासारख्या, आठचा आकडा काढत पोहणाऱ्या अळ्या कायरोनॉमिड माश्यांच्या. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणून प्राणवायू कमी असला तरी त्या तगतात. गाळात डोकं खुपसून शेपूट हलवणारे लाल धागे म्हणजे ट्युबिफेक्स, मत्स्यटाकीच्या दुकानात विकतात तेच.

पाण्यावर धावणारे किडे, पाणविंचू आणि वर येऊन हवा घेणारे भुंगेरे मोजणीत लिहा, पण त्यांच्यावरून पाण्याबद्दल निष्कर्ष काढू नका. ते हवेतून श्वास घेतात आणि उडून कुठूनही येतात.

प्रश्न : इंग्रजी पुस्तकात प्रत्येक कुळाला गुण देऊन बेरीज करायची पद्धत आहे. ती आपल्याकडे चालेल का?
– विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही लिहिताय ती बीएमडब्ल्यूपी (बायॉलॉजिकल मॉनिटरिंग वर्किंग पार्टी) पद्धत असावी. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती तयार झाली. चपट्या मेफ्लायच्या कुळाला १० गुण, पोहणाऱ्या बेटिड मेफ्लायना ४, कायरोनॉमिडना २, गाळातल्या कृमींना १. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं त्यावरून भारतासाठी पद्धत बेतली आणि गुणांच्या सरासरीला विविधतेच्या मोजमापाची जोड दिली. हिमालयाच्या नद्यांसाठी वेगळी गुणपत्रिका आहे. दक्षिण आफ्रिकेनंही आपली स्वतःची केली.

ब्रिटनचे आकडे सह्याद्रीत जसेच्या तसे वापरू नका. पहिली अडचण स्टोनफ्लायची. थंड देशांत त्यांची बरीच कुळं असतात आणि त्या सगळ्यांना वरचे गुण. आपल्याकडे मोजक्याच जाती, बहुतेक निओपर्ला प्रकारातल्या. कोकणपट्टीतल्या कोमट ओढ्यात स्टोनफ्लाय नाही मिळाली, तर तो शेतीचा दोष म्हणता येत नाही. दुसरी अडचण पानं खाणाऱ्यांची. समशीतोष्ण ओढ्यात गळालेली पानं कुरतडण्याचं काम मुख्यतः किडे करतात. उष्ण कटिबंधात असे किडे अनेक ठिकाणी कमी असतात आणि त्या कामाचा मोठा वाटा खेकडे आणि कोळंबी उचलतात. खेकडा जाळीत क्वचितच येतो, म्हणून त्याची वेगळी मोजणी करा : ठरलेल्या ५० मीटरांत, ठरलेल्या वेळात, हातानं दगड उलटून. पाहून झालं की दगड होता तसा ठेवा.

आमचा सल्ला : नुसती बेरीज न पाहता तिला कुळांच्या संख्येनं भागून सरासरी काढा, कारण बेरीज तुम्ही किती वेळ शोधलं त्यावर फुगते. आणि त्या सरासरीची तुलना पुस्तकातल्या वर्गाशी करण्याऐवजी तुमच्याच ओढ्याच्या वरच्या जागेशी करा. सोबत साधी तीन मापं ठेवा : मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लायची एकूण किती कुळं, दोनशेंत कायरोनॉमिड किती, आणि सगळ्यांत जास्त असलेल्या एका कुळाचा वाटा किती.

प्रश्न : उसाला खत दिल्यावर आमच्या ओढ्यात किडे उलट वाढले. मग हे चांगलंच नाही का?
– शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : कोणते वाढले ते पाहा. खत उतरलं आणि ऊन मिळालं की दगडांवर शेवाळ माजतं. ते खाणारी बेटिड पिल्लं, त्यातले कण गाळून खाणाऱ्या जाळंवाल्या कॅडिस अळ्या आणि कायरोनॉमिड शेकड्यानं वाढतात. त्याच वेळी कुळांची संख्या घटत असते. मोजणीत दोनशेपैकी दीडशे एकाच कुळाचे निघाले, तर ती वाढ तब्येतीची नव्हे.

प्रश्न : वहाळाच्या दोन्ही अंगांना कलमांच्या बागा, खाली पोफळी, मधे नवीन जेसीबी लावून केलेले टप्पे. किडे कमी झालेत हे मान्य. पण नेमकं कशामुळे, हे किडेच सांगतील का?
– बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : बऱ्याच अंशी सांगतील. कोण गेलं यापेक्षा कोण उरलं, याकडे जास्त लक्ष द्या.

टप्प्यांची माती उतरत असेल तर दगडांच्या मधल्या फटी भरतात, आणि ओढ्यातली बहुतेक वस्ती त्या फटींत असते. दगडाला घट्ट धरून राहणारी चपटी मेफ्लाय, जाळंवाली कॅडिस आणि नाण्यासारखी अळी कमी होते. उरते ती सीनिड मेफ्लाय. तिच्या कल्ल्यांच्या एका जोडीची झाकणं झालेली असतात, त्यामुळे बाकीचे कल्ले गाळानं माखत नाहीत. याची साधी पडताळणी : मुठीएवढे वीस दगड उचला आणि प्रत्येकाचा किती भाग गाळात रुतला होता ते रंगाच्या रेषेवरून लिहा. वर पाव आणि खाली निम्म्याहून जास्त रुतलेले निघाले, तर पहिला संशय मातीवर घ्या.

कीटकनाशकाची खूण वेगळी. इमिडाक्लोप्रिड किंवा सायपरमेथ्रिनसारखी औषधं किड्यांवर चालतात; सायपरमेथ्रिनसारखी कोळंबी-खेकड्यांनाही फार घातक. गोगलगायी, जळवा आणि कृमी यांच्यावर त्या मात्रेत फारसा परिणाम होत नाही. म्हणजे पाणी नितळ, दगड मोकळे, गोगलगायी भरपूर, पण मेफ्लाय आणि कोळंबी नाही, असं चित्र दिसलं तर फवारणीची वही काढा. सायपरमेथ्रिनच्या गटातली औषधं गाळाला चिकटून राहतात, म्हणून अशा वेळी पाण्यापेक्षा काठाच्या बारीक गाळाची तपासणी करून घेतलेली बरी.

पोफळीवरच्या कोळेरोगासाठी मारलेल्या बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची, गोष्ट उलटी. एक टक्का मिश्रणात शंभर लिटरला एक किलो मोरचूद, म्हणजे सुमारे अडीचशे ग्रॅम तांबं. तांबं गोगलगायींना आणि कोळंबीला लवकर बाधतं, आणि पाणी जितकं मृदू तितकं जास्त. जांभ्यावरून येणारं तुमच्याकडचं पाणी मृदूच असतं. गोगलगायी आधी गेल्या असतील तर इकडे पाहा.

काठची झाडं तुटली असतील तर पानांचं घर करणाऱ्या कॅडिस अळ्या जातात आणि शेवाळ खाणारे वाढतात. पाणीही तापतं : २५ अंशाला पाण्यात लिटरमागे फार तर ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, ३० अंशाला ७.६.

आणि दगडांवर करडा कापसासारखा थर, गाळात ट्युबिफेक्स असं असेल, तर शेतीला दोष देऊ नका. तो सांडपाण्याचा किंवा गोठ्याचा परिणाम. एकाच वेळी मासे, खेकडे, किडे सगळंच मेलेलं आढळलं तर मासे धरण्यासाठी कुणी ब्लीचिंग पावडर किंवा औषध टाकलं का, याची चौकशी करा. त्यानं डोहाखालचा मोठा टप्पा एका दिवसात उजाड होतो, आणि त्याचा ठपका नाहक बागायतदारावर येतो.

प्रश्न : फवारणी बंद करणं परवडत नाही. मग निदान काय केलं तर वहाळ वाचेल?
– वाचक, राजापूर आणि लांजा

उत्तर : पंप आणि ड्रम वहाळात विसळणं आधी थांबवा. हिशेब करून पाहा. आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल (१७.८ टक्क्यांचं द्रवरूप औषध) लिटरला ०.३ मिली घेतलं, तर त्या एका लिटर द्रावणात सुमारे ५० ते ६० मिलिग्रॅम औषध असतं. पंपात उरलेलं एवढं एक लिटर ओढ्यात गेलं, तर ते लिटरमागे एक मायक्रोग्रॅमवर यायला पन्नास ते साठ हजार लिटर पाणी लागेल. जानेवारीतल्या वहाळात तेवढं पाणी वाहून जायला बराच वेळ लागतो. विसळलेलं पाणी बागेतच, वहाळापासून आणि विहिरीपासून लांब, झाडांवर फवारून संपवा. ड्रम भरायची जागाही वहाळाच्या काठावर नको. पाणी पाइपानं वर घ्या आणि पाइपाचं तोंड ड्रममधल्या द्रावणात बुडू देऊ नका. पंप बंद पडला की द्रावण उलटं ओढलं जातं.

काठाकडच्या शेवटच्या रांगेवर फवारताना तोंड बागेकडे ठेवा, आणि आभाळ भरलेलं असेल तर तो दिवस सोडा. औषध वाया जातं ते वेगळंच.

काठाची पट्टी किती, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. दहा मीटर सुटली तर फार चांगलं. उताराला त्याहून जास्त लागेल. एवढी जागा नसेल तर पाच मीटर सोडा, पण सलग सोडा. मधे गुरांची वाट किंवा चर काढलेला असेल तर सगळं पाणी तिथूनच उतरतं आणि पट्टीचा उपयोग राहत नाही. पाण्याच्या रेषेला वाळा आणि वाळुंज, त्यामागे जांभूळ, उंबर, करंज. तण मारायला या पट्टीत तणनाशक वापरू नका, नाहीतर मुळं सुटून काठच ढासळतो.

प्रश्न : हे सगळं केलं तर किडे परत यायला किती दिवस लागतील?
– वाचक, राजापूर

उत्तर : वरच्या बाजूला रान शाबूत असेल तर बेटिड मेफ्लाय आणि कायरोनॉमिड काही आठवड्यांत दिसतील. त्यांच्या पिढ्या आपल्या हवेत वर्षातून अनेक होतात, पिल्लं प्रवाहाबरोबर खाली येतात, आणि पंखवाल्या माद्या उडत येऊन अंडी घालतात. चपट्या मेफ्लाय आणि घरवाल्या कॅडिसना एक-दोन पावसाळे धरा. फटी गाळानं भरल्या असतील तर आधी पुरानं त्या मोकळ्या व्हायला हव्यात, आणि त्यासाठी वरून येणारी माती थांबलेली हवी.

खेकडा सगळ्यात मागून येतो. गोड्या पाण्यातल्या आपल्या खेकड्यांना पाण्यात तरंगत जाणारी अळीची अवस्था नसते. मादी अंडी पोटाखाली धरते, त्यातून थेट लहान खेकडे निघतात आणि काही दिवस तिच्या पोटाखालीच राहतात. त्यामुळे एका वहाळातली वस्ती संपली तर ती दुसऱ्या वहाळातून वाहत येत नाही, चालतच यावी लागते. पहिल्या पावसात पोटाखाली पिल्लं असलेली मादी हाती लागली तर ती होती त्याच दगडापाशी सोडा, आणि खेकड्यांच्या मोजणीच्या ५० मीटरांत निदान तीन वर्षं कुणी खेकडे धरू नयेत असं वाडीत ठरवून घ्या.